सुरगाणा म्हणजे नक्की कुठे?

२०२०चा जानेवारी आठवतोय? मास्क, सॅनिटायझर वगैरे मंडळी आपल्या आयुष्यात घुसायच्या जेमतेम दोन महिने आधीचा. तेव्हा नेटवर एक जाहिरात जाम फिरली होती. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ग्रेट ब्लास्केट नावाचं एक बेट आहे. तिथलं छोटंसं कॉफी शॉप आणि पर्यटकांसाठीची दोन-तीन घरं सांभाळायला एक जोडी हवी होती. मुक्काम एप्रिल ते ऑक्टोबर. वीज नाही, गरम पाण्याचा नळ नाही, वायफाय नाही. समोर अटलांटिक महासागर, पाठीशी हिरवागार डोंगर, सोबतीला मेंढ्या. झालं! जगभरातून हजारो अर्ज गेले. ज्यांना लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या मजल्यावर चढवत नाही, तेही ‘हीच ती लाइफ’ म्हणत एकमेकांना टॅग करत सुटले.

आमच्या चुनाभट्टीच्या फ्लॅटच्या ग्रुपवरही ती जाहिरात आली. आम्ही तिघी. एक म्हणाली, सॉलिड यार, बॉसला आत्ता मेल टाकते. मी म्हटलं, मी तिथे बसून पुस्तक लिहीन (फ्रीलान्सर माणूस कुठेही बसून पुस्तकच लिहिणार असतो, ते सोडा). तिसरीनं बऱ्याच वेळानं टाइप केलं, ‘वीज नाही, नेट नाही, गरम पाणी नाही? मग आमच्याकडे या ना. ऑक्टोबरपर्यंतचीच अशी अटपण नाही.’ पुढे तीन हसणारे चेहरे. आम्हीही हसलो आणि विसरलो.

या तिसरीला आम्ही ‘सुरगाणा’ म्हणायचो. कारण सोपं होतं. राहायला आली तेव्हा गाव विचारलं तर म्हणाली, नाशिक. नाशिकमध्ये कुठे? नाशिकच्या जरा पुढे. पुढे म्हणजे? मग एकदा भाडेकराराच्या कागदावर कायमच्या पत्त्यात ‘ता. सुरगाणा’ दिसलं. सुरगाणा म्हणजे नक्की कुठे? हा प्रश्न आम्ही तिला इतक्या वेळा विचारला, की तेच तिचं नाव पडलं. प्रेमानं म्हणायचो. निदान आम्हाला तसं वाटायचं.

तर, ज्यांना अजूनही प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी. नाशिक जिल्ह्याचा नकाशा घ्या, वायव्येचा कोपरा धरा. गुजरातच्या डांग, नवसारी, वलसाडकडे झुकलेला डोंगराळ तालुका. सापुताऱ्याला गेला असाल, तर वणीच्या पुढे बोरगाववरून गेलाच असाल. थंडीत रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे खोके घेऊन बसलेल्या बायका दिसतात, गाडीची काच खाली करून आपण भाव पाडून मागतो, तोच हा तालुका. हातगड किल्ला इथलाच. एकेकाळी हे देशमुखांचं छोटं संस्थान होतं, १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. इतिहासाच्या पुस्तकात सुरगाण्याच्या वाट्याला एवढंच येतं. माणसं मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी.

गेल्या जूनमध्ये मी तिथे जाऊन आले. सुरगाणाच (म्हणजे मैत्रीण) म्हणाली, चल. आजी आता थकलीये, तिला कुणीतरी ऐकायला हवं असतं आणि मला तेवढा पेशन्स नाही. हे ती म्हणाली तसं लिहितेय. पुढे कळलं, की पेशन्सचा प्रश्न नव्हताच.

नाशिकच्या जुन्या सीबीएसवरून लाल डबा. तीनेक तास. पुढे काळी-पिवळी, आणि शेवटचा टप्पा पायी. पाड्यावर पोचलो तेव्हा पहिला पाऊस पडून गेला होता आणि लाइट गेले होते. कुडाच्या भिंती, वर कौलं, एका अंगाला सिमेंटची नवी खोली. आजीचं वय पंचाहत्तरच्या आसपास. कागदावर १ जून लिहिलंय. १ जून ही आपल्याकडे शाळामास्तरांनी वाटलेली जन्मतारीख, ती सगळ्यांना पुरते. आजी नातीशी कोकणा बोलीत बोलते, नात तिला मराठीत उत्तर देते. कुणी मुद्दाम करतंय असं वाटत नाही. बस, तसं पडलंय.

जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं. नागली म्हणजे तीच आपली रागी, जिच्या कुकीज आपण ‘गिल्ट-फ्री’ म्हणून दोनशे रुपयांना आणतो. आजीला मी हे सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, की दोनशे रुपयांत किती पायली?

अंधारात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. म्हणून आजी बोलायला लागली. माझ्यासाठी मराठीत, पण अधूनमधून तिची गाडी आपल्या रुळावर जायची आणि मैत्रीण भाषांतर करायची. मला वाटलं होतं, डोंगर, जंगल, देव असं काहीतरी ऐकायला मिळेल. पण आजीनं सुरुवात केली घरांपासून. पाड्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, एकेक घर. तिच्या लग्नाच्या वेळी सतरा घरं होती, ती सतराच्या सतरा. आज त्यातली चार जागेवर आहेत. बाकीची कुठे सरकली, कुठे पडली, कुठे कुलूप आहे. तिनं ती सगळी उभी केली.

वरच्या घरातला म्हातारा बांबूचं काम करायचा. सूप, टोपल्या, धान्याची कणगी आणि पावसाळ्यात आवणीला डोक्यावर घ्यायची इरली. पळसाची पानं घालून असं इरलं विणायचा, की वाकून दिवसभर भात लावला तरी पाठ कोरडी. दुसऱ्या घरात सुईण. आजीची पाचही बाळंतपणं तिच्या हातची. पाचातली तीन जगली, हेही त्याच आवाजात. तिसऱ्या घरात भगत. चौथ्यात एक बाई, जिचा नवरा डांगात लाकूडतोडीला गेला तो आलाच नाही. ती बाई रोज संध्याकाळी त्याची भाकरी थापायची आणि सकाळी कुत्र्याला घालायची. किती वर्षं? आजी म्हणाली, कुत्री तीन झाली.

नावं मी इथे देत नाही. ती त्यांची आहेत आणि त्यांना विचारता येणार नाही.

मग मासे. मिरगाचा पाऊस लागला, ओढ्याला लाल पाणी आलं, की मासे उलटे वर चढतात. त्या रात्री पाड्यावर कुणी झोपायचं नाही. बांबूचे सापळे, टोपल्या, लुगड्याचे पदर, हाताला लागेल ते घेऊन सगळे पाण्यात. टेंभ्यांचा उजेड. एक माणूस होता, त्याला पाण्याच्या आवाजावरून मासा कळायचा. तो हात वर करेपर्यंत कुणी टोपली घालायची नाही. सकाळी वाटे पडायचे. घरटी एक वाटा. जे पाण्यात उतरले नाहीत, आजारी, बाळंतीण, म्हातारी, त्यांनाही तेवढाच. उरलेले चुलीवर धुरात टांगायचे, ते आषाढात कामी यायचे.

वाटलं ना, किती छान? मलाही वाटलं, आणि मी तसं बोलून गेले. मैत्रिणीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी सहज विसरणार नाही. ‘आषाढात का कामी यायचे, ते विचार ना,’ ती म्हणाली.

आषाढ-श्रावणात कणगी रिकामी असायची. नागली अजून शेतात, आधीची संपलेली. मग रानातली भाजी, अळंबी, खेकडे. आणि तेही नसेल तर कडू कंद. हा कंद नुसता उकडून खाता येत नाही. काप करायचे, वाहत्या पाण्यात टोपलीत रात्रभर ठेवायचे, पुन्हा उकडायचे. घाई केली तर घसा धरतो. घाई करणारी लहान पोरंच असतात. सावकाराकडून एक पायली आणली तर सुगीला दीड द्यायची. आजी हे सगळं मासे सांगितल्याच्याच सुरात सांगत होती. तिच्या हिशेबी ती एकच गोष्ट होती. मध्ये ‘पण’ घातला होता तो मी.

इथे जरा ब्लास्केटला जाऊन येऊ. त्या जाहिरातीच्या वेळी मी गंमत म्हणून वाचायला घेतलं आणि मग वाचतच गेले.

बेटावर पूर्वी मच्छीमारांची वस्ती होती. किनारा जेमतेम दोन किलोमीटरवर, पण समुद्र खवळला तर ते दोन किलोमीटर म्हणजे परदेश. दुकान नाही, डॉक्टर नाही. लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या हलक्या होड्या, त्यातून मासेमारी. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे दीडशेवर माणसं होती. मग तरुण पोरं अमेरिकेला जायला लागली. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड नावाच्या गावात ब्लास्केटची इतकी माणसं झाली, की बेटावर कमी पडायला लागली. १९४७मध्ये वादळात अडकलेल्या बेटकऱ्यांनी थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली, खायला काही नाही, अन्न पाठवा. अखेर नोव्हेंबर १९५३मध्ये सरकारनं बेट रिकामं करायला घेतलं. तेव्हा उरली होती फक्त बावीस माणसं. ज्या वायफाय नसलेल्या बेटावर राहायला हजारो जण तयार होते, ते बेट तिथल्या माणसांनी स्वतःहून सोडलं होतं.

पण एक गोष्ट झाली. या एवढ्याशा बेटानं पुस्तकं दिली. टोमास ओ क्रिहॉन नावाच्या मच्छीमारानं आपलं आयुष्य आयरिशमध्ये लिहून काढलं, ते १९२९मध्ये छापलं गेलं. पेग सेयर्स ही तर सून म्हणून बेटावर आलेली, गोष्टी सांगणारी बाई. तिला आयरिश लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली, मुलानं लिहून घेतलं आणि १९३६मध्ये पुस्तक आलं. पुढे ते शाळेत लावलं, त्यामुळे आयर्लंडच्या दोन-तीन पिढ्या पेगच्या नावानं बोटं मोडतात, हा भाग वेगळा. आपल्याकडच्या नॉनडिटेलसारखंच. पण घरं पडली तरी त्या घरात कोण राहायचं, कोण गायचं, कुणाचं कुणाशी वाजलं होतं, हे सगळं शिल्लक राहिलं. कारण कुणीतरी म्हणालं, तू बोल, मी लिहितो.

तिकडे बेट होतं, त्यामुळे माणसं एकदाच होडीत बसून गेली. सुरगाण्यातली माणसं दरवर्षी जातात आणि दरवर्षी परत येतात. याला इथे ‘जगायला जाणं’ म्हणतात. शब्द बघा. भात कापून झालं, की दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत. छाटणी, विरळणी, डिपिंग. आपण नाशिकला वाइन टेस्टिंगचा वीकेंड करतो, बागेत उभं राहून फोटो काढतो, तेव्हा पलीकडच्या ओळीत वाकलेली बाई बहुतेक सुरगाणा किंवा पेठची असते. मैत्रिणीचं पहिली-दुसरीचं वर्ष असंच बागेच्या बांधावर गेलं, लहान भावाला सांभाळत. मग आश्रमशाळा, मग नाशिकला कॉलेज, मग मुंबई. ‘मी एकटीच अशी आहे, जी जगायला गेली ती परत आलीच नाही,’ ती म्हणाली. हसून म्हणाली.

आजीचं माहेर डांगातलं. पायी गेलं तर दुपारपर्यंत पोचता येईल इतकं जवळ. ती दहा-अकरा वर्षांची होती तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. १ मे १९६०. डांग कुणाचं यावर मुंबईत, दिल्लीत बराच वाद झाला होता, शेवटी ते गुजरातला गेलं. आजीला त्या दिवसाचं काहीही आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की लग्न करून ती नदी ओलांडून आली आणि काही वर्षांनी कळलं, की आपण राज्य ओलांडलंय. भावाची नातवंडं गुजराती शाळेत शिकतात, तिची मराठी. लग्नात भेटली की दोन्हीकडची पोरं आपापसात हिंदीत बोलतात! आज्या-आजोबांची भाषा एकच, ती मात्र कुणाच्याच शाळेत नाही. २०२२च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये घ्या अशी मागणी केली, तेव्हा आपल्याकडे चॅनलवर दोन दिवस गदारोळ झाला. अस्मिता वगैरे. आजीला विचारलं तर म्हणाली, तिकडे रस्ता चांगला आहे, दवाखाना जवळ आहे. आणि गप्प बसली. यावर आणखी काय बोलायचं असतं, ते तिला खरंच कळत नव्हतं.

आढ्याजवळच्या माळ्यावर एक गाठोडं होतं. आजोबांचं सोंग. होळीनंतरच्या दिवसांत या पट्ट्यात बोहाडा होतो, मुखवटे घालून रात्रभर देव-दैत्य नाचतात. कुणाच्या घरात कुठलं सोंग हे ठरलेलं असतं, वडिलांकडून मुलाकडे जातं. या घरात रावण. आजोबा गेले, मुलाचं गुडघ्याचं दुखणं, नातू पुण्यात कंपनीत. गाठोडं उघडून दाखवलं नाही. अवेळी उघडत नाहीत म्हणाली. काशाच्या थाळीवर मेणानं काडी उभी करून, तिच्यावरून बोटं ओढत रात्रभर कथा सांगणारे थाळकर असायचे. माणूस गेला की दिवसाच्या कार्यात त्यांना बोलवायचं. आजोबांच्या दिवसाला जो थाळकर आला होता, तो पुढच्याच वर्षी गेला. त्याच्या स्वतःच्या दिवसाला पलीकडून, डांगातून माणूस आणावा लागला.

रात्री बरीच उशिरा आजीनं मला विचारलं, मुंबईत तू कुठे राहतेस? मी म्हटलं, आता ठाण्याला, पण आधी आम्ही दोघी एकत्र होतो, चुनाभट्टीला. सायनजवळ.

तर म्हणाली, ‘सायन म्हंजी ते सोमय्या मैदान हाय तिथं? मी आलेली हाय तिथं.’

मार्च २०१८. नाशिक ते मुंबई, किसान सभेचा लाँग मार्च. ६ तारखेला निघाला, १२ला आझाद मैदानात पोचला. साधारण १८० किलोमीटर. लाल टोप्या, लाल झेंडे. वनहक्क कायदा २००६चा, पण कसत असलेल्या जमिनी नावावर होत नव्हत्या. त्यासाठी, कर्जमाफीसाठी, आणि नद्यांचं पाणी वळवायच्या योजनांच्या विरोधातही. चालणाऱ्यांत नाशिकचे आदिवासी सर्वांत जास्त आणि त्यात सुरगाण्याची माणसं भरपूर. इथून सात वेळा आमदार झालेले जे. पी. गावित त्या मोर्चाच्या पुढाऱ्यांत होते. ११ तारखेला मोर्चा सायनच्या सोमय्या मैदानात थांबला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून मंडळी मध्यरात्रीनंतर उठून चालत आझाद मैदानाला गेली. हे तुम्हाला आठवत असेल, कारण मुंबई त्या गोष्टीवर फिदा झाली होती. लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. आणि ते फोटो. फाटलेल्या तळव्यांचे.

आजी त्यात होती. चपलेचा अंगठा कसाऱ्यालाच तुटला, मग सुतळीनं बांधली. मैदानात पडल्या पडल्या तिनं आजूबाजूला बघितलं. उंच उंच घरं, सगळीकडे दिवे. सोबतच्या बाईला म्हणाली, यातल्या एका घरात माझी नात राहते.

‘मंग भेटली का नाही?’ मी तिच्याच सुरात विचारून बसले.

‘ती कामाला होती,’ आजी म्हणाली. ‘सुटी देत नाहीत. फोनवर सांगितलं ना तिनं.’ आणि माझी समजूत घातल्यासारखं पुढे, ‘मोठं हापिस हाय.’

११ मार्च २०१८ला रविवार होता. मला पक्कं आठवतं. कारण त्या दिवशी आम्ही तिघीही घरी होतो. दुपारी बिर्याणी मागवली होती. संध्याकाळी खिडकीतून घोषणा ऐकू येत होत्या आणि मी, पत्रकारितेची ताजी पदवी घेतलेली मी, मैदानात चक्कर मारून फोटो काढून आले. निघताना मी या बाईसाहेबांना म्हटलं होतं, चल, मस्त माहोल आहे. त्या म्हणाल्या, डोकं दुखतंय. रात्री मी तळव्यांचा एक फोटो स्टेटसला टाकला. खाली लाल बदाम. सर्वांत आधी तो पाहिला होता, तिनं.

मैत्रीण चुलीतली लाकडं मागे ओढत होती. विझलेली होती ती केव्हाच.

परतीच्या एसटीत दिंडोरीपर्यंत आम्ही बोललो नाही. मग तीच म्हणाली, की तेव्हा ऑफिसात लागून चार महिने झाले होते. सगळ्यांना सांगितलं होतं, वडील नाशिकला असतात, शेती आहे. शनिवारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, बिचारे किती गरीब आहेत ना, आपण बिस्किटं कलेक्ट करू या. हिनंही शंभर रुपये दिले. ‘वर्गणी दिली मी. माझ्याच आजीसाठी. बिस्किटांची.’ रात्री दोनला मोर्चा निघाला तेव्हा ती जागी होती. गॅलरीत उभी राहून दिसतंय का बघत होती. आमच्या गॅलरीतून मेन रोड दिसत नाही.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, की आम्ही तुला सुरगाणा म्हणायला नको होतं. ते त्या क्षणी फार स्वस्त वाटलं असतं. अजून बोललेले नाही. इथे लिहितेय, वाचेलच ती.

पण गेल्या वर्षभरात एक झालं. ती दर महिन्याला गावी जायला लागलीये. मोबाइल आजीच्या मांडीजवळ ठेवते आणि रेकॉर्डिंग चालू करते. पेगची गोष्ट मीच तिला एसटीत सांगितली होती, विषय बदलायचा म्हणून. ‘लिहून घेणारा तिचा मुलगा होता ना? मग तिच्या घरातली भाषा त्याला येत असणार,’ एवढंच म्हणाली होती. हिला समजते, बोलता येत नाही. लिहिणं तर दूरच. तरी तिनं बडोद्याच्या ‘भाषा’ संस्थेचं काम शोधून काढलं. गणेश देवींनी सुरू केलेली ही संस्था, त्यांनी ‘ढोल’ नावाचं नियतकालिक आदिवासी भाषांतून काढलं, कोकणातूनही. म्हणजे कोकण किनाऱ्याच्या नव्हे, या कोकणातून! हा घोळ ती आता स्वतःहून प्रत्येकाला समजावून सांगते. पूर्वी टाळायची.

तेवीस तासांचं रेकॉर्डिंग झालंय. मध्ये कोंबड्या आहेत, कौलांवरचा पाऊस आहे, एका ठिकाणी तर पंधरा मिनिटं नुसतं आजीचं घोरणं आहे. सतरापैकी अकरा घरं झाली. आजीचा क्रम मोडता येत नाही. मधलंच घर विचारलं तर ती पुन्हा वरच्या टोकापासून सुरू करते. तेवढ्यात आणखी एक घाई आहे. ऑगस्ट २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नार-पार-गिरणा नदीजोडला मंजुरी दिली, सुमारे सात हजार कोटींची योजना. इकडचं पश्चिमेला वाहून जाणारं पाणी पूर्वेला गिरणा खोऱ्यात. तिकडच्या शेतकऱ्याची तहान खोटी नाही, जळगाव-मालेगावचा उन्हाळा मी पाहिलाय. पण एप्रिल-मेमध्ये सुरगाण्यातल्या बाया हंडे घेऊन उतरणीला लागतात, तेही पाहिलंय. धरणं म्हटली की आजी फक्त विचारते, कुठल्या नदीवर? गुजरातकडच्या पार-तापी-नर्मदा योजनेच्या वेळीही तिनं हेच विचारलं होतं. ती २०२२मध्ये गुजरात सरकारनं रद्द करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा माहेरच्यांनी फोन करून सांगितलं होतं.

परवा रात्री अकराला मैत्रिणीचा फोन. रेकॉर्डिंग ऐकून ती वहीत उतरवतेय, देवनागरीत. एका शब्दावर अडली होती. पहिल्या पावसानंतर ओढ्याला लाल पाणी यायच्या आधी काही क्षण एक आवाज येतो म्हणे, त्याला आजी काहीतरी म्हणते. मराठीत त्याला शब्द नाही. मला ऐकवलं. पहिलं अक्षर ‘घ’ वाटतं की ‘ग’, यावरून आमचं वाजलं. मग तिनं आजीलाच फोन लावला, मला लाइनवर ठेवून. पाड्यावर नेटवर्क फक्त आंब्याखालच्या दगडावर येतं. आजीला उठवून, बॅटरी घेऊन, कुणीतरी तिथवर नेलं.

‘आजी, तो शब्द पुन्हा सांग ना,’ हिनं विचारलं. आणि मराठीत नाही विचारलं. अडखळत, दोनदा चुकत, पण आजीच्या भाषेत.

पलीकडे बराच वेळ नुसतीच खरखर. मग आजीनं तो शब्द सांगितला. एकदा, मग हळू, मग अक्षरं सुटी करून, शाळेतल्या बाईंसारखा. तिसऱ्या अक्षरावर फोन कट झाला.